आजोबांच्या नावाने नव्हे, आजोबांसह

घरात दीर्घ आजाराचे ज्येष्ठ असतील, तर तरुण मुलांच्या शिक्षणाचे निर्णय पुष्कळदा त्यांच्या नावाने घेतले जातात. ‘आजोबांची तब्येत अशी, तेव्हा परदेश नको,’ असे एखाद्या घरी म्हणतात. तर दुसऱ्या घरी ‘आजोबांचे आम्ही पाहू, तू मागे वळून बघू नकोस,’ असे सांगतात. दोन्ही वाक्ये मायेपोटीच येतात. परंतु दोन्ही वेळा आजोबांना मात्र कोणी विचारलेले नसते. साताऱ्यातील माझ्या दवाखान्यात ही वाक्ये मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. गेल्या वर्षी हाच प्रश्न आमच्या घरी उभा राहिला.

माझी लेक मुंबईत फायनान्सच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. दोन वर्षांच्या या शिक्षणात पहिले वर्ष लेखांकन, संख्याशास्त्र, कंपन्यांचे अर्थकारण अशा सक्तीच्या विषयांचे असते. दुसऱ्या वर्षी विषय आपण निवडायचे. तिच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, मुंबईतच राहून रोखे, डेरिव्हेटिव्ह्ज आणि कंपन्यांचे मूल्यांकन हे विषय घेणे. दुसरी, विद्यार्थी-विनिमय योजनेतून एक सत्र फ्रान्समध्ये काढणे. तेथे निवृत्तिवेतन आणि विमा यांच्या जोखमीवरचा एक विषय होता, तो तिच्या संस्थेत नव्हता. फी आपल्याच संस्थेत भरायची असली, तरी प्रवास, राहणे, व्हिसा आणि आरोग्यविमा यांचा खर्च आमचा. शिवाय तिकडे घेतलेला प्रत्येक विषय इकडे कोणत्या विषयाऐवजी धरला जाणार, हे निघण्यापूर्वी लेखी मंजूर करून घ्यावे लागते. अन्यथा सत्र पार पडते आणि श्रेयांक मात्र कमी पडतात.

या हिशेबात अण्णा कोठे बसत होते? अण्णा म्हणजे माझे सासरे. वय ८४, टपाल खात्यातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त. सहा वर्षांपासून त्यांच्या हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची शक्ती क्षीण झाली आहे. लेक दर पंधरा दिवसांनी साताऱ्याला येते, ती मुख्यतः त्यांच्यासाठीच. चार महिने ती येणार नाही, आणि त्या चार महिन्यांत काहीही होऊ शकते, हे मी डॉक्टर म्हणून जाणत होते.

अर्ज भरण्याआधीच्या रविवारी आम्ही सर्व जण त्यांच्या खाटेजवळ बसलो. विषयांची यादी त्यांनी स्वतः मागून घेतली आणि चष्मा लावून वाचली. ‘दीर्घायुष्याची जोखीम’ या शब्दांशी त्यांचे बोट थांबले. लेकीने समजावले, ‘आजोबा, माणूस अपेक्षेपेक्षा जास्त जगला, तर निवृत्तिवेतन देणाऱ्यावर बोजा वाढतो. तो आधीच कसा मोजायचा, हे तिथे शिकवतात.’ अण्णा हसले. ‘म्हणजे मी जगतोय, ही सरकारची जोखीम झाली की गं!’

मग तिने त्यांना फ्रान्समधील आर्ल गावच्या जान काल्मां यांची हकिकत सांगितली. १९६५ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी, त्यांनी आपल्या घराचा करार ४७ वर्षांच्या एका नोटरीशी केला. त्याने दरमहा २,५०० फ्रँक द्यायचे आणि बाईंच्या पश्चात घर त्याचे व्हायचे. नोटरीच १९९५ मध्ये वारला. घराच्या किमतीच्या दुपटीहून अधिक रक्कम तोवर देऊन झाली होती, आणि पुढचे हप्ते त्याच्या पत्नीला भरावे लागले. काल्मां बाई १९९७ मध्ये, १२२ व्या वर्षी गेल्या. अण्णांना ही गोष्ट इतकी आवडली, की भेटीला येणाऱ्या प्रत्येकाला ते आजही ती ऐकवतात.

हसणे ओसरल्यावर अण्णाच मूळ मुद्द्यावर आले. ‘हिने जावे. पण माझी तब्येत हिच्यापासून लपवायची नाही, आणि हिनेही तिकडचे रडू माझ्यापासून लपवायचे नाही.’ फारच बिघडले तर काय करायचे, असे मी विचारले. ते शांतपणे म्हणाले, ‘मी बोलू शकतोय तोवर तिला बोलवा. बोलणे थांबल्यावर तिने धावत येण्यात अर्थ नाही.’ ज्या प्रश्नाला आम्ही सारे बिचकत होतो, त्याचे उत्तर त्यांच्यापाशी केव्हाचेच तयार होते. लेकीने ते ऐकले, त्यांचा हात हातात घेतला आणि संध्याकाळी अर्ज भरला.

त्यानंतर एक साधे काम केले, ते प्रत्येक काळजीवाहू कुटुंबाने करावे. जाणारी व्यक्ती घरात काय काय करत होती, याची आम्ही यादी केली. यादी अपेक्षेपेक्षा लांब निघाली. आठवड्याच्या गोळ्यांचा डबा भरणे माझ्या पतीकडे गेले. अण्णांच्या हयातीच्या दाखल्याचे काम दरवर्षी तीच मोबाइलवर करत असे. ८० वर्षांपुढील केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. ते शेजारच्या मुलाने तिच्याकडून आधीच शिकून घेतले. तिच्या येण्याने मला मिळणारी विश्रांतीही यादीत लिहिली आणि त्यासाठी महिन्यातून दोन रविवार नणंदेने येण्याचे ठरवले. फोनची वेळ भारतीय घड्याळाने रात्री ८ ची ठरली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी फ्रान्समध्ये घड्याळे एक तास मागे घेतात, हे अण्णांनी कॅलेंडरवर लिहून ठेवले.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात कराराची परीक्षा झाली. तीन दिवसांत अण्णांचे वजन अडीच किलोंनी वाढले, घोट्यांवर सूज आली, रात्री दोनऐवजी तीन उशा लागू लागल्या. हृदय अशक्त असलेल्या रुग्णाचे वजन रोज सकाळी लघवीनंतर आणि न्याहारीपूर्वी करून वहीत लिहावे. दोन-तीन दिवसांत ते दोन किलोंनी वाढले, तर शरीरात पाणी साठत असल्याचा तो इशारा असतो. अशा वेळी गोळ्या स्वतःच्या मनाने न बदलता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी लघवी वाढवणाऱ्या गोळीची मात्रा बदलली आणि रक्ततपासणी करून घेतली.

‘तिची परीक्षा आहे, तिला कळवू नका,’ असे नातेवाइकांनी सुचवले. अण्णांनी त्या रात्री ८ वाजता स्वतःच तिला सारे सांगितले, वजनाच्या आकड्यासकट. ती रडली. मग तिने वहीच्या पानाचे छायाचित्र मागितले आणि रोज मागत राहिली. परीक्षाही दिली. आठवड्याभरात वजन पूर्वपदावर आले. घरून आपल्याला खरेच सांगितले जाते, हा विश्वास नसता, तर प्रत्येक ‘सगळे ठीक आहे’वर तिला शंका आली असती, असे ती नंतर म्हणाली.

सर्वच घरांत निर्णय असाच होईल, असे नाही. एखाद्या घरी मदतीला दुसरे कोणीच नसते, कोठे आजार वेगाने वाढत असतो, कोठे पैशांची ओढाताण असते. तेथे मुलाने न जाणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. घरच्या संस्थेतही चांगले विषय असतात, आणि सत्राहून लहान मुदतीचे परदेशी अभ्यासक्रमही कोठे कोठे असतात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सर्व समजणार नाही. तरीही त्यांना जवळ बसवावे, जाणाऱ्याने स्वतः निरोप घ्यावा आणि रोजची फोनची वेळ पाळावी.

मात्र ज्यांना समजते, त्यांना वगळून त्यांच्याविषयी ठरवू नये. अर्जाची मुदत संपण्यापूर्वी त्यांच्याजवळ बसा. तुम्हाला काय वाटते, प्रकृतीविषयी दूर असलेल्याला किती सांगायचे आणि कोणत्या वेळी बोलावून घ्यायचे, हे तीन प्रश्न त्यांनाच विचारा. मिळालेली उत्तरे कागदावर लिहा आणि तो कागद औषधांच्या फायलीत सर्वांत वर ठेवा.