पंधरा टक्के घर

निसर्ग चक्रीवादळ म्हटलं की दिवेआगर, श्रीवर्धन, अलिबाग आठवतं, आणि ते रास्तच आहे. ३ जून २०२० च्या दुपारी ते रायगडच्या किनाऱ्याला लागलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा होता. नारळी-पोफळीच्या जुन्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. पण वादळ तिथे थांबलं नव्हतं. घाट चढून पुणे आणि नगर जिल्ह्यांतून ते नाशिककडे आलं. जोर ओसरलेला होता, तरी पत्र्याच्या घराला आणि कांद्याच्या चाळीला तेवढाही पुष्कळ होता. मी तेव्हा सिन्नर तालुक्यातल्या एका गावात ग्रामसेविका होते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्या घरांबद्दल सांगायचं आहे ती माणसं तिथेच राहतात.

सिन्नरचा पूर्व भाग अवर्षणाचा. मे-जूनमध्ये आमच्या टेबलावर टँकरचे प्रस्ताव, विहिरींचं अधिग्रहण आणि रोजगार हमीची मागणी. चक्रीवादळ हा समुद्राकाठच्या लोकांचा विषय, असंच गाव धरून चाललेलं. त्यात कोरोना. मुंबई-ठाण्याहून परतलेली चार-पाच कुटुंबं जिल्हा परिषदेच्या शाळेत विलगीकरणात होती. टाळेबंदी सैल होण्याचा पहिला दिवस ३ जूनच होता. लोक अडीच महिन्यांनी मोकळे व्हायचे, आणि नेमकं त्याच सकाळी मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यावरून आम्ही सांगत होतो, की घराबाहेर पडू नका, गुरं झाडाखाली बांधू नका, पत्र्यावर दगड ठेवले असतील तर उतरवा. उडत्या पत्र्यापेक्षा त्यावरून सुटलेला दगड जास्त घात करतो.

शाळेच्या जुन्या खोल्यांवर पत्रा होता, नव्या एकाच खोलीवर स्लॅब. सगळ्यांना स्लॅबखाली आणलं तर अंतराचा नियम मोडणार, न आणलं तर पत्र्याखाली रात्र काढायची. सरपंच, पोलीस पाटील, आशाताई आणि मी शाळेच्या ओट्यावर उभ्या उभ्या बोललो. लहान मुलं असलेल्या दोन कुटुंबांना ग्रामपंचायतीचं कार्यालय उघडून दिलं, बाकीच्यांना स्लॅबच्या खोलीत घेतलं. लेखी आदेशाची वाट पाहायला वेळ नव्हता. रात्री जुन्या खोलीचे पत्रे लाकडी वाशांसकट उडाले आणि मैदानापलीकडच्या शेतात जाऊन पडले. आधीच्या रात्रीपर्यंत एक म्हातारं जोडपं त्याच खोलीत झोपत होतं. गावपातळीवर निर्णय घेण्याची मुभा का हवी, असं मला कुणी विचारलं तर मी ती खोली दाखवीन.

ती रात्र मी अंगणवाडीताईंच्या घरी काढली. संध्याकाळी वीज गेली, मग मोबाइलची रेंज गेली. वारा एका दिशेने येत नव्हता, वळून वळून येत होता. भिंतीला कान लावल्यासारखा पत्र्यांचा आवाज यायचा, आणि प्रत्येक मोठ्या आवाजानंतर ताईंचे सासरे अंधारातच सांगायचे, हे अमक्याच्या चाळीचं, हे तमक्याच्या गोठ्याचं. सकाळी पाहिलं तर बहुतेक अंदाज बरोबर होते.

उजाडल्यावर गावाने कुणाची वाट पाहिली नाही. बाभळी आणि निंब रस्त्यावर आडवे होते, ते पोरांनी करवती-कुऱ्हाडींनी तोडून आठ-नऊ वाजेपर्यंत वाट मोकळी केली. विजेचे खांब वाकलेले, तारा शेतात लोळत होत्या. त्यांना कुणी हात लावू नये म्हणून वायरमन येईपर्यंत दोन माणसं राखणीला बसवली. महावितरणची माणसं तालुकाभर धावत होती, आमचा नंबर लागायला वेळ लागणार हे सगळ्यांना कळत होतं. खरा पेच पाण्याचा होता. नळयोजनेची विहीर गावाबाहेर, मोटर विजेवर, आणि टाकी रिकामी. तेव्हा गावातला मंडपवाला स्वतःहून आला. लग्नसराई टाळेबंदीत बुडालेली, त्याचा जनरेटर मार्चपासून ताडपत्रीखाली झाकून ठेवलेला. तो म्हणाला, "मॅडम, भाडं नको, डिझेल तेवढं ग्रामपंचायतीनं टाकावं." ज्याचा स्वतःचा हंगाम हातचा गेला होता त्याच्या यंत्रावर वीज परत येईपर्यंत गाव पाणी प्यालं. त्याच जनरेटरवर ओळीने मोबाइल चार्जिंगला लागले, आणि त्यातल्या पुष्कळ मोबाइलमध्ये पुढे पंचनाम्याचे फोटो निघाले.

गावातला जुना वड मुळासकट उपटून नळाच्या लाइनवर पडला होता. शुक्रवारी, ५ तारखेला, वटपौर्णिमा. पोरं करवत घेऊन उभी, तर म्हाताऱ्या बायका म्हणाल्या की रस्त्यापुरत्या फांद्या काढा, खोड शुक्रवारपर्यंत असू द्या. लाइन खोडाच्या बाजूने खणून मोकळी करता येत होती, मग तसंच केलं. शुक्रवारी तोंडाला पदर बांधून, अंतर ठेवून बायकांनी आडव्या वडालाच सूत गुंडाळलं. त्याची एक जाड फांदी शाळेमागे लावली, ती पावसात फुटली.

मग कांदा. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये काढून चाळीत भरायचा आणि दिवाळीपर्यंत भाव पाहून विकायचा, हे आमच्याकडचं वर्षाचं गणित. त्या जूनमध्ये भाव पडलेले होते, म्हणून ज्याला जमलं त्याने माल धरून ठेवलेला. चाळीवरचा पत्रा गेला आणि रात्रभर पाऊस आत गेला. भिजलेला कांदा वेळीच बाहेर काढून पसरला नाही तर सड एकाकडून दुसऱ्याकडे जाते, मग सगळा ढीगच जातो. मजूर मिळत नव्हते, परगावचे मजूर येऊ शकत नव्हते. तेव्हा सावडीने काम झालं, आज याची चाळ, उद्या त्याची. एरवी बांधावरून न बोलणारे दोन भाऊबंद एकाच ताडपत्रीवर कांदा निवडताना मी पाहिले. निवडलेला ओला कांदा पसरायला जागा नव्हती. एका पोल्ट्रीवाल्याची शेड रिकामी होती, कारण कोंबडीतून कोरोना होतो या अफवेने त्याचा धंदा फेब्रुवारी-मार्चमध्येच बसला होता. त्याने शेड उघडून दिली.

आठवडाभरात गाव वरवर सावरल्यासारखं दिसत होतं. आमचं काम मात्र तिथून सुरू झालं. तलाठी आप्पा, कृषी सहायक आणि मी असं तिघांचं पथक घरोघर आणि शेतोशेत फिरलं. प्रत्येक पंचनाम्यावर दोन पंचांच्या सह्या, सोबत फोटो, आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स. गावात झेरॉक्स मशीन एकच, आणि वीज नाही.

आपत्ती निवारणाचे निकष मला आधीही माहीत होते. माणसासमोर उभं राहून ते वाचून दाखवणं वेगळं असतं. पिकाचं नुकसान किमान ३३ टक्के हवं. त्या वेळी कोरडवाहूला हेक्टरी ६,८०० रुपये, बागायतीला १३,५००, फळबागेला १८,०००, आणि तेही दोन हेक्टरपर्यंतच. घराची अंशतः पडझड असेल तर ती किमान १५ टक्के असली पाहिजे. पक्क्या घराला ५,२००, कच्च्याला ३,२००. राज्य सरकारने निसर्गग्रस्तांसाठी फळबागेची मदत हेक्टरी ५०,००० आणि पूर्ण पडलेल्या घराची ९५,१०० वरून दीड लाख केली. ते चांगलंच झालं. पण आमच्या गावात पूर्ण पडलेली घरं थोडी आणि उघडी पडलेली पुष्कळ होती. पंधरा टक्के घर कसं मोजायचं? आम्ही पत्रे मोजत होतो. एकूण किती, उडाले किती, वाकले किती, भिंतीला तडा किती लांब. एका घराचे दोनच पत्रे गेले होते, पण नेमके चुलीवरचे आणि धान्याच्या कणगीवरचे. वर्षाची बाजरी भिजून तिला मोड आले होते. छपराच्या हिशेबात ते घर पंधरा टक्क्यांखाली होतं. तलाठी आप्पांनी भिंतीची ओल, तडे आणि खचलेला ओटा पुन्हा नीट मोजला, तेव्हा ते कसंबसं निकषात आलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, पण घाईत असलेल्या माणसाने तो ओटा मोजलाच नसता. घाई करावी असं दडपण तेव्हा सगळीकडून होतं.

चाळीतल्या कांद्याला तर रकानाच नव्हता. निकष शेतातल्या पिकाचे. काढून साठवलेला माल त्यात बसत नाही. कृषी सहायकांनी प्रत्येक वेळी शेऱ्यात लिहिलं, चाळीत अंदाजे इतके क्विंटल भिजले. शेऱ्याला पैसे मिळत नाहीत हे त्यांनाही माहीत होतं, तरी त्यांनी लिहायचं सोडलं नाही. पुढे भाव चढला, १४ सप्टेंबरला केंद्राने निर्यातबंदी केली, तरी ऑक्टोबरात कांदा आणखी महाग झाला. ज्यांची चाळ वाचली त्यांनी तो भाव घेतला. ज्यांची उघडी पडली त्यांनी जूनमध्येच ओला-सुका माल मिळेल त्या दराने काढून टाकला होता. वादळाचं नुकसान त्यांनी दोनदा सोसलं, आणि त्यातलं दुसरं कोणत्याच पंचनाम्यात आलं नाही.

सगळ्यात अवघड गेली ती गायरानावरची भिल्ल वस्ती. कुडाच्या भिंती, वर पत्रा नाहीतर नुसतं प्लास्टिक. वादळाने तिथलं जवळपास काहीच उभं ठेवलं नव्हतं. घराच्या मदतीसाठी बांधकाम अधिकृत असल्याचा दाखला लागतो, आणि गावात घर आहे की नाही हे ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या नोंदवहीवरून ठरतं. या वस्तीतल्या काहींची नोंद अतिक्रमण म्हणून होती, ते घरपट्टी भरायचे आणि पावत्या जपून ठेवायचे. काहींची नोंदच नव्हती, जरी त्यांची दुसरी पिढी तिथे राहत होती. एक आजी मला म्हणाली, "बाई, मतदानाला आमचं घर सापडतं ना तुम्हाला?" मी तिला उत्तर दिलं नाही, तिच्या घराचं माप घेतलं. ज्यांच्याकडे पावती होती त्यांचे प्रस्ताव घर म्हणून गेले, बाकीच्यांचे झोपडी म्हणून. झोपडीचा मूळ दर ४,१०० रुपये होता. तेवढ्यात तेव्हा पत्रे, अँगल आणि हुक यांचं निम्मं सामानही येत नव्हतं. वस्तीचे वासे आणि पत्रे शेवटी गावानेच जमवले. शाळेच्या मोडक्या खोलीचं लाकूड शिक्षण विभागाची परवानगी आल्यावर तिथे गेलं.

तेव्हापासून मी एक गोष्ट ठामपणे मानते. वादळानंतरची मदत वादळाच्या आठवड्यात ठरत नाही. ती ठरते आधीच्या दहा-पंधरा वर्षांत नोंदवहीत कुणाचं नाव घातलं गेलं आणि कुणाचं राहिलं यावर. बटाईने शेती करणाऱ्याचंही तेच. घाम त्याचा, सातबारा दुसऱ्याचा, म्हणून पैसे दुसऱ्याच्या खात्यात. आमच्या गावात दोन मालकांनी मिळालेली रक्कम बटाईदाराशी वाटून घेतली. बाकीच्यांनी नाही घेतली, आणि तसं करायला त्यांना सांगण्याचा अधिकार कुणालाच नव्हता.

त्या वर्षी ग्रामसभा बंद होत्या. मासिक सभेत ठराव घेतला, की गायरानावरची सगळी घरं मोजून नमुना आठला घ्यायची, आणि शासकीय जमिनीवरची राहती घरं नियमित करण्याचा २०१८ चा जो शासन निर्णय आहे त्याखाली प्रस्ताव पाठवायचे. त्याच सभेत दुसरा ठराव झाला, चाळीत साठवलेल्या कांद्याचं नुकसान निकषात घ्यावं असा. तो पंचायत समितीमार्फत वर गेला. पहिल्या ठरावावर काम लगेच सुरू झालं. टेप घेऊन वस्तीवर फिरायला ग्रामपंचायतीचा शिपाई आणि आशाताई होत्या. गावातल्या काही पुढाऱ्यांना ते रुचलं नाही, गायरान हातचं जाईल म्हणून. सरपंचांनी त्यांना वादळानंतरचे फोटो दाखवले आणि मोजणी चालू ठेवली.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ अरबी समुद्रातून वर सरकू लागलं तेव्हा आमच्याकडे लोकांनी आदल्या दिवशीच चाळींचे पत्रे तारेने आवळले. मंडपवाल्याने न सांगता जनरेटर विहिरीवर नेऊन ठेवला. वस्तीवरची ती आजी नातवाला घेऊन ग्रामपंचायतीत आली, नोंदवही उघडायला लावली आणि आपली ओळ त्याच्याकडून वाचून घेतली. मग म्हणाली, यात माझ्या सुनेचं नाव बी घाला. मी अर्ज लिहून घेतला, तिचा अंगठा घेतला आणि पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर तो टाकला.