मागच्या टेबलावरची माणसं

न्यूयॉर्कमध्ये सेव्हन्थ ॲव्हेन्यूवर एक तळघर आहे. 'व्हिलेज व्हॅनगार्ड' नावाचं, १९३५ पासून चालू असलेलं. खोली तिकोनी. दाटीवाटीनं बसली तर शंभर-सव्वाशे माणसं मावतील. तिथं २५ जून १९६१ ला, एका रविवारी, तीन जणांनी मिळून पाच सेट वाजवले. दुपारी दोन, रात्री तीन. पियानोवर बिल एव्हान्स, डबल बासवर स्कॉट लफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. रिव्हरसाइड कंपनीचा निर्माता ऑरिन कीपन्यूज रेकॉर्डिंग करत होता. सुरुवातीलाच, 'ग्लोरियाज स्टेप' चालू असताना, मधेच वीज गेली आणि तो टेक वाया गेला. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वाचून जरा आपलेपणाच वाटतो.

अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लफारो गाडीच्या अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता. एव्हान्सनं काही महिने पियानोकडे जवळजवळ पाठच फिरवली. त्या रविवारच्या टेपमधून 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' नावाची रेकॉर्ड काढली गेली. लफारोचं वाजवणं नीट पुढे येईल असे टेक निवडून. सुरुवातीला त्याची एक रचना, शेवटी दुसरी. उरलेल्यातून १९६२ मध्ये 'वॉल्ट्झ फॉर डेबी' आली. डेबी म्हणजे एव्हान्सची पुतणी. जॅझ ऐकणाऱ्या कुणालाही 'सुरुवात कुठून करू?' असं विचारलं, तर या दोनपैकी एकीचं नाव येण्याची शक्यता खूपच.

हे सगळं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मला बोलायचंय ते मागच्या टेबलावर बसलेल्या माणसांबद्दल.

ती रेकॉर्डिंगमध्ये आहेत. सतत आहेत. ग्लासला ग्लास लागतो. कुणीतरी हसतं. एक बाई काहीतरी सांगतेय, शब्द कळत नाहीत, पण गोष्ट रंगात आलीये एवढं नक्की. 'पोर्गी' वाजतंय, एव्हान्स जवळजवळ कुजबुजावं इतकं हळू वाजवतोय, आणि लोक निवांत गप्पा मारतायत. मग टाळ्या. त्याही अशा, की नळ पूर्ण बंद करायच्या आत पाणी गेलं असावं.

मला हे पहिल्यांदा ऐकू आलं, कारण ऐकणं हे माझं काम आहे. मी पुण्यात एका कॉल सेंटरमध्ये क्वालिटीला आहे. दिवसाला पंचवीस-तीस रेकॉर्डेड कॉल ऐकते आणि मार्क देते. त्या शीटवर 'ॲक्टिव्ह लिसनिंग'ला दहा गुण असतात. काही वर्षं हे काम केलं की कान विचित्र होतात. ग्राहक बोलत असतो आणि मला त्याच्यामागचा कुकर ऐकू येतो. टीव्हीवरची मालिका कुठली, हेही ओळखता येतं. माणूस चिडलाय हे त्याच्या शब्दांआधी त्याच्या घरातल्या शांततेवरून समजतं.

तर दोन वर्षांपूर्वी मी हप्त्यांवर चांगले हेडफोन घेतले, आणि हेडफोन तपासायला कुठली गाणी ऐकावीत याच्या एका यादीत 'वॉल्ट्झ फॉर डेबी' सापडली. महागडी सिस्टिम घेणारे लोक ही रेकॉर्ड लावून ग्लासांची किणकिण किती स्वच्छ येते ते बघतात. जे लोक त्या दिवशी ऐकतच नव्हते, ते अधिक स्पष्ट ऐकू यावेत म्हणून जगभर लाखो रुपये मोजले जातात. यावर हसावं की काय करावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आधी मला त्या लोकांचा रागच आला होता. आपल्याकडे मैफलीत श्रोते गप्प नसतात, पण त्यांच्या आवाजाला जागा असते. समेवर 'वाह' येते, एखाद्या जागेवर 'क्या बात है' येतं. जुन्या खासगी मैफलींच्या टेपा ऐकल्या, तर त्या दादेवरूनही गाणं कुठं पोचलंय ते कळतं. व्हॅनगार्डमधलं हसणं कुठल्याच समेवर येत नाही. ते त्यांच्या त्यांच्या गोष्टीच्या समेवर येतं.

अर्थात, वाजवणाऱ्यांना याची सवय असते. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांमध्येही गोव्याचे वादक जेवणाऱ्या आणि नाचणाऱ्या लोकांसाठीच वाजवायचे. त्यातला आल्दोन्याचा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांबरोबर सिनेमासंगीतात आला. १९५१ च्या 'अलबेला'वर आपण आजही नाचतो, त्यात त्या हॉटेलांमधल्या वाजवण्याचा वाटा आहे. म्हणजे न ऐकणाऱ्यांसमोर वाजवूनही माणूस तयार होत असतो.

आता अप्पांबद्दल सांगते. अप्पांनी भोसरीत एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं काढली. कानात घालायला बोळे कुणी दिले नाहीत, त्यांनी मागितलेही नाहीत. गेल्या वर्षी त्यांना ऑडिओमेट्रीला नेलं. आलेख बघून मला पोटात काहीतरी झालं. खालच्या सुरांना रेघ ठीकठाक चालत होती आणि चार हजार हर्ट्झच्या आसपास दरीत पडावी तशी खाली गेली होती. पियानोची अगदी शेवटची, सगळ्यात उंच पट्टी साधारण तिथंच असते. 'स', 'फ', 'त' अशा व्यंजनांचा बराचसा आवाज तिथं आणि त्याच्या वर असतो. म्हणून त्यांना आवाज ऐकू येतो, बोलणं कळत नाही. 'साखर' आणि 'भाकर' एकच.

अप्पा भजनी मंडळात टाळ वाजवतात. वाजवतात म्हणजे, अजूनही वाजवतात, पण त्यांना स्वतःचा टाळ नीट ऐकू येत नाही. तो 'टिण' त्यांच्यासाठी 'टप' झालाय. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पखवाजवाल्याच्या डाव्या हाताकडे बघून ते लय धरायचे. कणीक लावलेली ती बाजू त्यांना छान ऐकू येते.

त्या आलेखानंतर मी घरभर त्यांच्या कानांनी ऐकायला लागले. कुकरची शिट्टी गेली. चिमण्या गेल्या. भाचीचा बारीक आवाज गेला. जे काही त्यांच्याशी बोलणं व्हायचं, त्याला मी मनातल्या मनात 'अजून किती दिवस' असं शेपूट लावायचे. ते समोर बसून शेंगा सोलत असायचे आणि मी त्यांची आठवण काढत असायचे! हा प्रकार किती वाईट आहे हे लिहिताना जास्त जाणवतंय.

आणि याच काळात मला त्या रेकॉर्डबद्दल काहीतरी खटकायला लागलं. 'जेड व्हिजन्स' ही लफारोची रचना. नऊ-नऊ मात्रांच्या आवर्तनात जाणारी, संथ, बासचे सूर जोडीनं वाजवलेली. रात्रीच्या शेवटच्या सेटमध्ये त्यांनी ती लागोपाठ दोनदा वाजवली. तिच्याबद्दल जे कुणी लिहितं, ते शोकगीतासारखं लिहितं. जणू त्याला माहीत होतं. त्याला काही माहीत नव्हतं हो. एका पंचवीस वर्षांच्या मुलानं नवीन काहीतरी बसवलं होतं, आणि एकदा वाजवून झाल्यावर ते परत एकदा वाजवून बघितलं. एवढंच. दुःख आपण अकरा दिवसांनंतरच्या तारखेवरून उचलून आणतो आणि मागे नेऊन ठेवतो.

ती हसणारी बाई मात्र तसं करत नाही. तिच्यासाठी लफारो जिवंत आहे आणि उद्याही असणार आहे, म्हणून तर ती खुशाल पाठ करून बसलीये. तिच्या न ऐकण्यात एक खात्री आहे, ती आपल्यापैकी कुणाकडेही परत येऊ शकत नाही. मला तिचा राग येईनासा झाला. उलट, तिच्यामुळेच तो रविवार रविवार राहिलाय. ती नसती तर आपण त्या खोलीचं कधीच देऊळ करून टाकलं असतं.

पावसाळ्यातल्या एका दुपारी वीज होती पण नेट नव्हतं, आणि फोनमध्ये उतरवून ठेवलेली हीच एक रेकॉर्ड होती. ब्लूटूथ स्पीकर टीपॉयवर ठेवला. अप्पा पेपर वाचत होते. दोनेक मिनिटांनी त्यांनी पेपर खाली घेतला, तळहात टीपॉयवर टेकवला आणि म्हणाले, "हा मागचा कोण गं?"

"कोण मागचा?"

"हा घुमतोय तो. चांगला बोलतोय की."

जॅझमध्ये बासवाल्याचं नेहमीचं काम ठेक्यासारखं असतं. एक, दोन, तीन, चार, चालत राहायचं, बाकीचे त्यावर उभे राहतात. लफारोनं ते चालणं मधेच सोडून दिलं. पियानो एक वाक्य म्हणतो, हा अर्ध्यावर त्याला तोडतो, वर चढतो, स्वतःचं म्हणतो, मग खाली येऊन हात देतो. मोशनही ताल मोजून देत नाही, ब्रशनं नुसता इकडे-तिकडे शिंपडतो. तिघांपैकी साथीला कोण आहे ते सांगता येत नाही. एव्हान्सला हेच हवं होतं. पण मी ही गोष्ट वाचून शिकले होते, तरी माझा कान पियानोच्याच मागे जायचा. सवय. अप्पांच्या कानाला पियानो कडेकडेनंच येत होता, ब्रश तर जवळजवळ नव्हताच. बास कितीही वर चढला तरी चार हजारांच्या पुष्कळ खाली राहतो. त्यामुळे तो त्यांच्याकडे अख्खा पोचला. ते वाद्याचं नाव न विचारता त्याला 'मागचा' म्हणत राहिले, पण ऐकत होते ते पुढच्यासारखं.

त्या दिवशी मी पियानो सोडून दिला आणि त्यांच्या हाताच्या बोटांकडे बघत ऐकलं. बोटं बरोबर जागी हलत होती. 'जेड व्हिजन्स'ला ती अडखळली. त्यांनी मोजून बघितलं. "आठ म्हणावं तर एक उरतेय," म्हणाले. मग पुढच्या आवर्तनाला ती उरलेली त्यांनी बरोबर पकडली.

लफारो गेला हे मी त्यांना सांगितलं नाही. विचारलंही नाही त्यांनी.

गणपतीनंतर अप्पांना कानाची मशिनं बसवली. पहिले दोन दिवस ते पंख्यावर चिडले, पिशव्यांच्या चुरचुरीवर चिडले. तिसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाले, "ते मागच्याचं लाव." मी लावलं. थोडा वेळ ऐकून त्यांनी भुवया वर केल्या.

"हे हॉटेलात बसून वाजवतायत होय?"

"हो."

"आणि ही बाई काय बोलतेय एवढं?"

"कळत नाही, अप्पा. कुणालाच नाही."

त्यांनी थोडं पुढे वाकून ती काय म्हणतेय ते समजतंय का बघितलं. मग मशिनं काढली, शर्टाच्या खिशात ठेवली, आणि हात परत टीपॉयवर टेकवून म्हणाले, "पहिल्यापासून लाव."