पांढऱ्याच्या खालचे थर

मोटारीचे रंगकाम म्हणजे रंग मारणे, अशी आपली एक भाबडी समजूत असते. घरच्या घरी, हौसेखातर, एखादे दार रंगवायला घेतले की ती पहिल्या दोन दिवसांतच गळून पडते. कारण त्या दोन दिवसांत रंगाचा डबा उघडण्याची वेळच येत नाही. खरे काम घासण्याचे. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग लांबी (गॅरेजवाले तिला पुट्टी म्हणतात), मग २२०, प्रायमर, ४००, आणि शेवटी पाणी लावून ८००. डोळ्यांना सपाट दिसणारा पत्रा तळहाताला उंचसखल लागतो, आणि इथे तळहाताचेच ऐकायचे असते.

वडिलांनी १९९१ साली घेतलेली मारुती ८०० पांढरी. पांढरा हा एकच रंग आहे असे मानणाऱ्याने एकदा रंगाच्या दुकानात जाऊन बसावे. तिथला माणूस पांढऱ्यात काळ्याचे दोन थेंब घालतो, पिवळ्याचा एक, वाळवून पाहतो, मान हलवतो आणि पुन्हा थेंब मोजू लागतो. तीसेक वर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा पांढरा कंपनीच्या तक्त्याशी जुळत नाही.

डाव्या दाराला पोचा होता, फाटकाच्या खांबाचा. शेवटच्या वर्षांत वडिलांना डाव्या बाजूचे नीट दिसत नसे. घरात हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणीच बोलत नव्हते. गाडी गॅरेजमध्ये नेली असती तर कसे झाले ते सांगावे लागले असते. पेपर फिरवताना पोच्याच्या खोलगटात पिवळट पडलेला एक पट्टा लागला. खिडकीच्या गजांना लावतात तो ऑईल पेंट, ब्रशच्या रेघांसकट. म्हणजे या घरातला पहिला हौशी रंगारी मी नव्हेच!

तो पट्टा तसाच ठेवून वरून रंग द्यावा, असे फार वाटले. पण गॅरेजमधला हार्डनर मिसळायचा रंग मी वापरणार नव्हतो; त्यातली आयसोसायनेट द्रव्ये फुप्फुसांना घातक, आणि साध्या मास्कने ती अडत नाहीत. उरला एन. सी. लॅकर. त्याचा थिनर जुन्या ऑईल पेंटमध्ये शिरतो, तो थर फुगतो, सुरकुततो आणि वरच्या रंगाला घेऊन उठतो. खालचे सारे पत्र्यापर्यंत उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. त्याला एक अख्खी दुपार लागली. इतक्या सावकाश मी दुसरे काहीच घासले नसेन.

रंगाचे चार पातळ हात दिले, ते जानेवारीत. पावसाळ्यात थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर हवेतले बाष्प जमते आणि रंगाची चमक जाते. दार आता उन्हात मडगार्डापेक्षा किंचित उजळ दिसते. आईने त्यावरून एकदा हात फिरवला, फाटकाकडे पाहिले आणि विचारले, "खांबालाही रंग देणार आहेस का रे?"