ती लाईन कोणती?



चौथीच्या वर्गात सरकारी दवाखान्याबद्दल सांगत होते. केसपेपर काढायला पुरुषांची लाईन वेगळी, बायकांची वेगळी. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, सावनेरच्या बाजारात टाळ्या वाजवून पैसे मागतात, ते बीमार पडले तं कोणत्या लाईनीत लागतात?"

मला उत्तर देता आलं नाही.

घरी येऊन वाचलं. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. २०१९ च्या कायद्याने उपचारात भेदभावाला मनाई केली. २०२२ मध्ये आयुष्मान भारत योजनेत त्यांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार देण्याचे ठरले. मग अडतं कुठं? सगळ्यांसमोर जुनं नाव पुकारतात, लोक वळून पाहतात. म्हणून माणूस दुखणं अंगावर काढतो.

तेव्हा माझ्याच वर्गातला एक जुना विद्यार्थी आठवला. पोरं 'बायल्या' म्हणून चिडवायची. मुतारीत जावं लागू नये म्हणून तो दिवसभर पाणीच प्यायचा नाही. पोट दुखतं म्हणायचा. मी म्हटलं होतं, "जरा मुलासारखं वाग." तो पुढे कोण होईल, हे ठरवणारी मी कोण? त्याला पाणी प्यायला मिळावं, एवढं तरी माझं काम होतं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला सांगितलं, "त्यांना जी आपली वाटते, ती लाईन. आणि तिथं कोणी हसायचं नाही."

आता लघवीच्या सुट्टीत मी मुतारीजवळच उभी राहते. तुमच्याही वर्गात, घरात, पाणी टाळणारं एखादं लेकरू आहे का? बघा जरा.