आंधळ्या बाईचे पैसे

गेल्या रमजान ईदला भाचा पुण्याहून पुसदला आला, तेव्हा लॅपटॉपवर एक जुना खेळ खेळत होता. 'अल्टिमा ४', १९८५ सालचा, रिचर्ड गॅरियट या अमेरिकन माणसाने बनवलेला. शिरखुर्मा खात आम्हीही शेजारी बसलो. या खेळात मारून टाकावा असा कोणी मोठा खलनायक नाही. प्रामाणिकपणा, दया, न्याय, नम्रता असे आठ सद्गुण खेळणाऱ्याने अंगी बाणवायचे.

त्यात जडीबुटी विकणारी एक आंधळी बाई आहे. ती किंमत सांगते. पैसे किती टाकायचे ते आपण ठरवायचे. भाच्याने एकच नाणे टाकले. बाईला काय दिसणार!

आम्ही टोकले, तर म्हणाला, "मामू, वो मैं थोडी हूँ? वो तो गेम का बंदा है!"

आम्हाला निळू फुले आठवले. पडद्यावरचा त्यांचा सरपंच पाहून गावोगावच्या बायका त्यांना शिव्या घालीत. प्रत्यक्षात माणूस राष्ट्र सेवा दलाचा, सज्जन. पण त्यांचे संवाद दुसऱ्याने लिहिलेले होते. इथे नाणी मोजणारे बोट भाच्याचेच होते. सोंग उसने असले, तरी नियत उसनी नसते.

गंमत अशी, की खेळ त्या वेळी काहीच बोलत नाही. प्रामाणिकपणा मात्र आतल्या आत कमी होतो. पुढे राजवाड्यातल्या एका जाणत्याला विचारले, की मगच आपण कुठे उभे आहोत ते कळते. आम्हाला खांद्यावरचे दोन फरिश्ते आठवले. तेही गुपचूप लिहीत असतात.

भाच्याला उपदेश करायला तोंड उघडले आणि मिटले.

आमच्या उर्दू शाळेतली काही पोरे दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला जातात. हजेरी कमी दिसली की वरून विचारणा होते. म्हणून एका वर्षी आम्ही एका पोराच्या नावापुढे रोज हजेरी मांडत गेलो. पोर उन्हाळ्याच्या तोंडाशी परतले, तेव्हा त्याला हर्फ जोडता येईनात. वहीत मात्र ते एक दिवसही गैरहजर नव्हते. गैरहजर दाखवले असते, तर हंगामी वसतिगृहासाठी कोणी खटपट तरी केली असती. वर्गात बसलेल्या पोराला शोधायला कोण जाणार?

तेव्हा आम्हीही मनाशी हेच म्हणालो होतो: ते आम्ही थोडेच, ती तर नोकरी.

भाच्याने तो खेळ बंद करून पहिल्यापासून सुरू केला. या वेळी बाईला पुरते पैसे दिले. त्या पोराचे वर्ष असे पहिल्यापासून सुरू होत नाही.

यंदा दिवाळीनंतर दोन पोरे गेली. त्यांच्या नावांपुढे आम्ही खाडा मांडला. विचारणा होईल. होऊ दे, वही आमच्या हातची आहे.