ताईची लाल रेघ
आमच्या ताईच्या गालांवर नववीत इतकी ठणकणारी मुरमं आली, की ती लग्नालासुद्धा येईना. उमरखेडच्या डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी दिली. दीड महिन्यात सूज ओसरली, ताई पुन्हा हसू लागली! पण गोळ्या तीनच महिने, सोबत बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम. का? नाहीतर जंतू निर्ढावतात, औषधाला दादच देत नाहीत. पेलाभर पाणी प्यायचं, लगेच आडवं व्हायचं नाही, घशाखाली जळजळतं. शिवाय ऊन बाधतं. अन् ढाणकीचं ऊन म्हणजे विचारूच नका! ताई ओढणी गुंडाळूनच शाळेत जायची.

मैत्रिणीने दोन गोळ्या मागितल्या. ताईने पाकिटावरची लाल रेघ दाखवली. २०१६ पासून सरकार सांगतंय : ही रेघ असली, की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध नाही. मैत्रीण चार दिवस रुसली.