पाना आहे, पट्टी आहे का?



माझ्या मोटारसायकलच्या डिकीत पाना, पकड, जादा प्लग कायम असे. एका पावसाळ्यात चिखलात गाडी घसरली आणि मागे बसलेल्या शेतकरीदादांच्या पोटरीतून रक्त वाहू लागले. गाडीसाठी सगळे होते; माणसासाठी स्वच्छ चिंधीही नव्हती. तेलकट फडक्याने जखम दाबली. रक्त थांबले, पण जखम चिघळली. ऐन पेरणीत ते अंथरुणाला खिळले. ती चूक माझी.

तेव्हापासून पान्याजवळ एक डबी असते. तीत निर्जंतुक गॉजच्या घड्या, दोन गुंडाळपट्ट्या, चिकटपट्टी, कात्री आणि रबरी हातमोजे. सारे प्लॅस्टिकच्या पिशवीत, म्हणजे ओल लागत नाही. सोबत पिण्याच्या पाण्याची बाटली.

रक्त वाहत असेल तर गॉज ठेवून दहा मिनिटे घट्ट दाबून धरा. मधेच उचलून पाहू नका. भिजले तर वरूनच दुसरी घडी ठेवा. नुसते खरचटले असेल तर पाण्याने धुवा. हळद, माती, चहापूड जखमेत भरू नका. जखम मोठी असेल तर १०८ ला फोन लावा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे डॉक्टरांना जरूर विचारा.

हंगामाआधी फवारणीचा पंप तपासता ना? तशीच ही डबीही उघडून पाहा.